लहान पंजाला कोणतं पिस्तूल बसेल? (१० मीटर एअर पिस्तूल)

घोडबंदरची_मी

नमस्कार मंडळी. लेकीला रेंजवर सोडायचं आणि दोन तास बाकावर बसून मेथी निवडायची, असं वर्षभर केलं. मग सरच एकदा म्हणाले, "ताई, नुसत्या बसताय कशाला, उभ्या राहा." त्याला आठ महिने झाले. आता मेथी नवरा निवडतो.

वय ४३, उंची पाच फूट एक इंच, आणि पंजा एवढा लहान की कासारणीकडे मला दोन-दोनची बांगडी लागते. क्लबचं पिस्तूल वापरते. त्याची ग्रिप मीडियम आहे म्हणतात, माझ्या हातात नारळ धरल्यासारखी वाटते. बोट ट्रिगरला पोचावं म्हणून पंजा मुठीवर फिरवून घ्यावा लागतो, आणि छर्रे सगळे डावीकडे गोळा होतात.

आता स्वतःचं घ्यायचं म्हणतेय. एका दुकानदाराने आखूड नळीचं एक दाखवलं. "हे लेडीज मॉडेल, हलकं आहे, तुम्हाला हेच बरं." किंमत दीड लाखाच्या वर. नवऱ्याचं म्हणणं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या होतात. लेडीज मॉडेल खरंच असतं का? हलकं घ्यावं का? जुनं घेतलं तर चालेल का?

सीवूड्सवाला

लेडीज सायकल ऐकली होती, लेडीज छत्री ऐकली होती. लेडीज पिस्तुलाला पुढे टोपली असते का?

नेरूळची_नेमबाज

ताई, पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका, आधी हे वाचा. मी राज्य पातळीपर्यंत खेळले आहे आणि सध्या पोरांना शिकवते.

लेडीज मॉडेल असा प्रकार नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत १० मीटर एअर पिस्तूल बाईचं आणि पुरुषाचं एकच: साडेचार मिलिमीटरचा छर्रा, वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगर ओढायला लागणारा जोर कमीत कमी ५०० ग्रॅमचा, आणि सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. २०१८ पर्यंत बायकांना ४० शॉट असत आणि पुरुषांना ६०, तोही फरक आता गेला. दुकानदाराने दाखवलं ते कॉम्पॅक्ट किंवा शॉर्ट मॉडेल असणार. ते मुख्यतः लहान मुलांसाठी आणि हलकं हवं असणाऱ्यांसाठी असतं. वाईट नाही. पण तुमचं दुखणं नळीच्या लांबीत नाही, मुठीत आहे, आणि त्या आखूड पिस्तुलावरही मीडियमच ग्रिप असेल तर दीड लाख देऊन छर्रे पुन्हा डावीकडेच.

ग्रिप बघायची कशी ते सांगते. पिस्तूल डाव्या हाताने धरा आणि उजव्या हाताचं अंगठा-तर्जनीमधलं बेचकं मागून जितकं वर जाईल तितकं वर रुतवा. नळीची रेघ आणि कोपरापर्यंतच्या हाताची रेघ एका ओळीत आली पाहिजे. ती तशीच ठेवून मग बोटं गुंडाळा. मधलं बोट ट्रिगर-गार्डच्या खाली घट्ट टेकतं का? तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर येते का? आणि तर्जनीची बाजू लाकडाला घासत नाही ना? बोट लाकडाला चिकटलं की ट्रिगर ओढताना सगळी मूठच सरकते. शेवटची परीक्षा म्हणजे डोळे मिटायचे, हात उचलायचा, लक्ष्याकडे धरायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी) मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तुमची. दर वेळी डावीकडे दिसली तर तुम्ही रोज ६० वेळा मनगटाशी भांडणार.

स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, सगळ्यांच्या ग्रिप मापात मिळतात, एक्स्ट्रा स्मॉलपासून. घेतानाच माप सांगायचं. पंजाची रूपरेषा कागदावर काढून पाठवलीत तरी दुकानदाराला अंदाज येतो. ट्रिगरची पातही पुढे-मागे सरकते, थोडी फिरवताही येते, हे क्लबच्या पिस्तुलावर कुणी तुम्हाला करून दाखवलंय का? सरांना सांगून पात मागे घेऊन बघा. उद्याच फरक दिसेल.

सुतारपक्षी

वागळे इस्टेटमध्ये माझा लाकडी पॅटर्न बनवायचा धंदा होता, आता मुलगा बघतो. रेंजवरच्या बऱ्याच पोरांच्या ग्रिप माझ्या हातून गेल्या आहेत, म्हणून लिहितो.

विकत घेतलेली ग्रिप कधीच शंभर टक्के बसत नाही. ती आपल्या हाताला बसवून घ्यावी लागते. लाकूड जिथे टोचतं तिथे कानस आणि पॉलिश पेपर, जिथे पोकळी राहते तिथे एम-सील. एम-सील मळून लावायचं, हाताला पावडर फासायची, मूठ आवळायची, दहा मिनिटं तसंच उभं राहायचं. सुकलं की घासायचं. एका दिवसात उरकायला जाऊ नका. थोडं घासा, आठवडाभर खेळा, परत थोडं घासा. लाकूड काढता येतं, परत चिकटवता येत नाही, हे मी कारागिरांना ३० वर्षं सांगत आलो.

मूळ ग्रिप न कापता एक जादा ग्रिप घेऊन तिच्यावर प्रयोग करा, पुढेमागे पिस्तूल विकताना मूळची कामाला येते. आणि हाताखालची फळी, पोरं तिला पाम शेल्फ म्हणतात, तळहाताला अलगद टेकेल एवढीच वर घ्या. फार आवळली तर हात थरथरतो. मनगटाला टेका मिळेल असं काही वाढवलंत तर स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरच बाद.

घोडबंदरची_मी

नेरूळताई, पात मागे घेतली! दोन वळसे स्क्रू, बस. मंगळवारी डावीकडचा ढीग निम्मा मधे आला. आठ महिने मी मनगटाचे व्यायाम करत होते हो.

आता वजनाचं सांगा. हलकं घेऊ की नेहमीचं?

नेरूळची_नेमबाज

नेहमीचं पूर्ण लांबीचं पिस्तूल किलोच्या जरा अलीकडे असतं, शॉर्ट साधारण साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅमने काय होतं असं वाटेल, पण हात लांब केला की ते १०० ग्रॅम खांद्याला कळतात. ७५ मिनिटांत ६० शॉट, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि साइटिंग, म्हणजे सरावाचे शॉट. म्हणजे हात शंभरेक वेळा तरी वर जातो.

गंमत अशी की फार हलकं पिस्तूल स्थिर राहत नाही, बारीक बारीक थरथरतं. जड पिस्तूल डुलतं, पण सावकाश डुलतं आणि त्या डुलण्यात ट्रिगर ओढता येतो. म्हणून शेवटच्या १० शॉटपर्यंत खांदा पडणार नाही असं जितकं जड पेलेल तितकं घ्यायचं. हलकं घेऊन पुढे वजनाचे तुकडे जोडता येतात, जडाचं हलकं करता येत नाही.

आखूड पिस्तुलाचा दुसरा हिशेब दुकानदार सांगत नाही. दोन साइटमधलं अंतर ३५० मिमी असेल आणि पुढची साइट खाचेत १ मिमी बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे २९ मिमी हुकतो. अंतर ३१० असेल तर ३२ मिमी. टार्गेटची एक रिंग ८ मिमीची. म्हणजे १ मिमीच्या चुकीला साडेतीन-चार रिंग गेल्या! उलट हात सरळच्या सरळ ५ मिमी हलला तर छर्राही ५ मिमीच हलतो, एक रिंगसुद्धा जात नाही. म्हणून मी पोरांना सांगते, हात हलू दे, साइट हलवू नको. नजर पुढच्या साइटवर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. धूसरच दिसायला हवं.

तुमच्या उंचीला मी म्हणेन, दोन्ही उधार मागून तीन-तीन आठवडे खेळा. रोज घरी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात सरळ धरून उभं राहायला लागा. भिंतीकडे तोंड करून, १० सेकंद धरायचं, खाली. तीन आठवड्यांनी लिटरची.

ऐरोली_नाका

विषय चाललाच आहे तर विचारतो. बायको आयटीत आहे, रात्री साडेअकराला घरी येते. हे सगळं खेळाचं झालं, खरं पिस्तूल घ्यायचं असेल तर बायकांना कोणतं चांगलं? ते निर्भीक म्हणून आलं होतं ना बायकांसाठी?

नौपाड्याचे_वकील

आधी घोडबंदरच्या ताईंसाठी: २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ इंचापर्यंतच्या (म्हणजे साडेचार मिमी) नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. तुमचं पिस्तूल पाच-सहा ज्यूलचं. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, पावती जपून ठेवा. .२२चं स्पोर्ट पिस्तूल (बारूद भरलेल्या गोळीचं) मात्र परवान्याशिवाय नाही.

ऐरोलीसाहेब, आता तुमचं. निर्भीक हे कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं .३२चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, २०१४ साली आलं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच लाखाच्या वर. 'बायकांसाठी' म्हणून बाजारात आणलं, त्यावर टीकाही बरीच झाली. ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. परवाना तुमच्याकडे नवी मुंबई पोलीस आयुक्त देतात, आमच्याकडे ठाण्याचे. वय २१ पूर्ण, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, पोलीस चौकशी, आणि जिवाला खरा धोका आहे हे पटवणारं कारण. 'रात्री उशिरा येते' एवढ्यावर अर्ज पुढे सरकताना मी पाहिलेला नाही. मिळालाच तर निवडणुका जाहीर झाल्या की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात, त्या महिन्या-दीड महिन्यात धोका सुट्टीवर जात नाही.

स्वसंरक्षणाचा अधिकार न्यायसंहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (जुन्या आयपीसीत ९६ ते १०६), पण हल्ल्याच्या मानाने जास्त बळ वापरलं का, हे कोर्ट नंतर सावकाश बसून बघतं. तुम्हाला तेव्हा दोन सेकंद मिळालेले असतात.

सुभेदार_निवृत्त

वकीलसाहेबांनी कायद्याचं सांगितलं, मी हाताचं सांगतो. रिव्हॉल्व्हर हलकं म्हणजे सोपं, ही दुकानातली समजूत. जितकं हलकं तितका झटका हाताला जास्त. शिवाय घोडा न चढवता नुसता ट्रिगर ओढायचा तर जोर कित्येक किलोंचा लागतो आणि बोटाला लांब प्रवास करावा लागतो. इथे ताईंना ५०० ग्रॅमच्या ट्रिगरला बोट पुरत नव्हतं. वहिनींचा पंजा लहान असेल तर तीच अडचण दसपट. महिन्याला ५० गोळ्या रेंजवर झाडल्याशिवाय ते पर्समध्ये ठेवणं म्हणजे दुसऱ्या कुणासाठी ठेवणं.

ऐरोली_नाका

समजलं. कंपनीला गाडीच मागतो, दारापर्यंत सोडणारी.

चष्मिष

घोडबंदरताई, ४३ म्हणालात म्हणून लिहिते. मी डोळ्यांचे नंबर काढते. चाळिशीनंतर हाताच्या अंतरावरचं धूसर व्हायला लागतं, आणि पुढची साइट नेमकी तिथेच असते. लांबचा जो नंबर असेल त्यात साधारण अधिक अर्धा ते पाऊण मिळवून नेमबाजीसाठी वेगळी काच करून घेतात. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह घालून खेळू नका, साइट नीट दिसावी म्हणून मान वाकडी होते. नंबर काढायला जाताना साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या, नाहीतर आमच्यासारखे वाचायचाच नंबर देतात.

दुसरं, तुमचा जोरकस डोळा कोणता ते बघितलंय का? दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो जोरकस. उजव्या हाताला डावा डोळा आला तर घाबरू नका, डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी लावतात. तो मिटून धरायचा नाही, चेहरा आखडतो आणि दहा शॉटनंतर डोकं दुखतं.

वाशीची_मुक्ता

एक विचारू का? मी पण शिकतेय, आणि आम्ही बाळाचा विचार करतोय. छर्रे शिशाचे असतात. कुणी काहीच बोलत नाही यावर.

नेरूळची_नेमबाज

बरं केलंस विचारलंस. बाप्ये प्रशिक्षक यावर बोलत नाहीत, बोलले तरी "काही होत नाही" म्हणतात.

शिसं हाताला लागतं, हातातून तोंडात जातं. रेंजवर खायचं नाही, चहाचा कप लेनच्या टेबलावर ठेवायचा नाही, आणि छर्रे ओठात धरायची सवय ज्यांना आहे त्यांना मी सरळ बाहेर काढते. खेळून झालं की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे. टार्गेटमागचा छर्ऱ्यांचा भुगा झाडूने झाडायचा नाही, धूळ उडते. .२२च्या बंद रेंजवर प्रश्न आणखी मोठा, कारण गोळीच्या प्रायमरमध्येही (बारूद पेटवणाऱ्या टोपीत) शिसं असतं आणि त्याचा धूर होतो. हवा खेळती नसेल तर तिथे जाऊ नकोस. बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना स्पष्ट सांग, रक्तातलं शिसं तपासता येतं. माझ्या दोन्ही वेळी मी रेंज बंद ठेवून घरी ड्राय फायरिंग (छर्रा न घालता नुसता नेम धरून ट्रिगर ओढायचा सराव) केलं. ते बिनशिशाचं.

घोडबंदरची_मी

ड्राय फायरिंग घरी करताना सासूबाई समोर येऊन बसतात, "मला नको हो धरूस" म्हणतात. कसं करता तुम्ही?

सुभेदार_निवृत्त

सासूबाई बरोबर आहेत. रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं, हा पहिला धडा. नळी माणसाकडे नाही, दाराकडे नाही, पलीकडे खोली असलेल्या पातळ पार्टिशनकडेही नाही. रिकामी जाड भिंत निवडा. छर्ऱ्याचा डबा दुसऱ्या खोलीत. साइट जुळेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, लाकडावर. संपलं की नळीत सेफ्टी फ्लॅग, तो भगवा दोरा दोन्ही टोकांना बाहेर दिसला पाहिजे. मग पेटी, मग कुलूप. रेंजवर अडकलं, तरी पिस्तूल लक्ष्याकडेच धरून डावा हात वर करायचा. मागे वळून "सर, हे बघा ना" करणारे मी फार पाहिलेत. असा एक वळला की मागची सगळी लाइन खाली बसते.

टिटवाळा_फास्ट

पेटी लोकलमधून नेता का? माझी बहीण ठाण्याहून वरळीला रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाते. मॉलच्या दारात सिक्युरिटीने पेटी उघडायला लावली आणि सगळी रांग दोन पावलं मागे सरली.

नौपाड्याचे_वकील

खरेदीची पावती, क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धा असेल तर तिचं पत्र, तिन्ही पेटीच्या वरच्या कप्प्यात. पेटी बंद, छर्रे वेगळ्या पिशवीत. आणि रेंजवरून येताना मॉलमध्ये जायचंच कशाला?

टिटवाळा_फास्ट

सेल होता.

नेरूळची_नेमबाज

जुनं घ्यायचं का, ते राहिलं. घ्या, जरूर घ्या, चांगलं मॅच पिस्तूल २० वर्षंही टिकतं. फक्त हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. २०० बारची हवा त्यात असते, आणि बनवल्यापासून १० वर्षं झाली की स्पर्धेत चालत नाही. नवा सिलिंडर स्वस्त नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं असेल तर छान कुरकुरीत सुटतो, पण बॅटरी आणि सर्किट आलं. मनू भाकरचं टोकियोत पात्रता फेरीतच पिस्तूल बिघडलं आणि मिनिटं वाया गेली, सगळ्या देशाने बघितलं. (तीच मुलगी पॅरिसला २०२४ मध्ये याच १० मीटरला ब्राँझ घेऊन आली, पोरांना मी दोन्ही गोष्टी एका दमात सांगते.) पहिलं पिस्तूल मी मेकॅनिकल घ्या म्हणेन, बिघडलं तर इथे कुणीतरी उघडू शकतं.

आणि ताई, उजव्या हातात पाटल्या आहेत का? फोटोत दिसल्यासारख्या वाटल्या. नेम धरायच्या हातात बांगडी, कडं, घड्याळ, दोरा काही चालत नाही, मनगटाला आधार धरला जातो. क्लबमध्ये सोडून देतात, स्पर्धेत नाही सोडणार.

घोडबंदरची_मी

एक आहे. लग्नातली. विसाव्या वर्षी चढवली ती उतरलेलीच नाही, आता हाड आडवं येतं. बघते.

घोडबंदरची_मी

दोन महिन्यांनी परत येतेय, माफ करा, मधे लेकीची दहावी होती.

घेतलं! डोंबिवलीच्या एका मुलीचं जुनं, पूर्ण लांबीचं, मेकॅनिकल. ती .२२कडे वळली, तिला २५ मीटर खेळायचंय, खोलीत राही सरनोबतचा फोटो लावलाय. सिलिंडर निघाला साडेनऊ वर्षांचा! नेरूळताई, तुमचं नाव न घेता तारखेवर बोट ठेवलं, तिच्या वडिलांनी बारा हजार कमी केले. आखूड पण तीन आठवडे खेळले. पहिले ३० सोपे गेले, पण साइट जुळलीय की नाही ते नीट कळेचना. एक्स्ट्रा स्मॉल ग्रिप वेगळी मागवली, सुतारकाकांकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत, हे इथे जाहीर लिहिते. चष्माही केला. पुढची साइट काळी कुळकुळीत दिसते आता, इतके दिवस मी राखाडी ठिपक्याने नेम धरत होते.

परवा क्लबची स्पर्धा झाली. ६० शॉट, ६०० पैकी ५०७. शेवटच्या दहात खांदा गेला, ७८ आले. बाटली लिटरची करायची राहिलीय.

सुतारपक्षी

५०७ म्हणजे पहिल्यांदा छानच. पाम शेल्फ टोचत असेल तर या, अजून अर्धा मिमी काढू.

नेरूळची_नेमबाज

मस्त! आणि पाटली? तपासणीला अडवलं नाही?

घोडबंदरची_मी

आदल्या रात्री उतरवली. साबण लावून, सासूबाईंनीच ओढली. आता ती त्यांच्या हातात आहे, परत मागितली तर "स्पर्धा संपल्या का तुझ्या?" विचारतात.